अग्निगोलाचा माग कसा काढावा

६ ऑक्टोबर २००८ रोजी अमेरिकेतल्या कॅटालिना आकाश सर्वेक्षणाच्या दुर्बिणीत एक सरकता ठिपका टिपला गेला. त्याला नाव मिळाले २००८ टीसी३. जेमतेम २० तासांनी, ७ ऑक्टोबरला, तो सुमारे ४ मीटरचा खडक सुदानच्या नूबियन वाळवंटावर पेटला आणि जमिनीपासून ३७ किमी उंचीवर फुटला. पुढे डिसेंबरमध्ये खार्तूम विद्यापीठाचे मुआविया शद्दाद आणि अमेरिकेतले संशोधक पीटर येनिस्केन्स यांनी विद्यार्थ्यांच्या रांगा करून ते वाळवंट पायी विंचरून काढले. त्या आणि नंतरच्या शोधांत मिळून सुमारे ६०० तुकडे हाती आले, सगळ्यांचे वजन साडेदहा किलोच्या आसपास. आधी अवकाशात पाहिलेला आणि मग हातात घेतलेला लघुग्रह माणसाला पहिल्यांदाच लाभला होता.

२०२४ अखेरपर्यंत आदळण्याआधी सापडलेल्या अशा लघुग्रहांची संख्या ११ झाली होती आणि त्यांतल्या चारांचे दगड मिळाले होते. बाकी असंख्य अग्निगोल, म्हणजे हवेत शिरून असे पेटणारे खडक, न सांगता येतात. सूचना असो वा नसो, अभ्यासाची वाट एकच आहे, आणि व्यावसायिक वेधशाळांबरोबर हौशी निरीक्षकांनाही ती चालता येते. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पाळावी: जे काही मोजाल, त्याच्याशेजारी ते किती चुकू शकते हेही लिहा. आकाशातला प्रकाश, जमिनीवरचा आवाज आणि हातातला दगड या तिन्ही साक्षी जुळतात की नाही, हे फक्त त्या चुकीच्या मर्यादेवरूनच ठरते.

आधी आकड्यांचा अंदाज बसवा

पृथ्वीवर येणाऱ्या कोणत्याही खडकाचा वेग सेकंदाला ११.२ किमीपेक्षा फारसा कमी असू शकत नाही, कारण तेवढा वेग पृथ्वीचे गुरुत्वच देते. सूर्यमालेतल्या वस्तूसाठी वरची मर्यादा सुमारे ७२ किमी आहे. लघुग्रहांचे तुकडे बहुधा १२ ते २० किमीच्या पट्ट्यात असतात. तुमच्या गणितातून ९ किमी किंवा ८० किमी असा वेग आला, तर नवा शोध लागला असे समजू नका, चूक शोधा.

१ मीटर व्यासाचा, घनमीटरला ३,३०० किलो घनतेचा गोल खडक सुमारे १,७०० किलोचा होतो. तो सेकंदाला १५ किमी वेगाने आला तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे १९० अब्ज ज्यूल, म्हणजे ४६ टन टीएनटीच्या स्फोटाएवढी. व्यास दुप्पट केला की वस्तुमान आणि ऊर्जा आठपट होतात. म्हणूनच २०१३ साली रशियातल्या चेल्याबिन्स्कवर आलेल्या, सुमारे १९ मीटरच्या खडकाची ऊर्जा शेकडो किलोटनांत गेली.

व्यास कळणार कसा, हाच तर प्रश्न आहे. दुर्बिणीला दिसते ती फक्त चमक. समजा एखाद्या लघुग्रहाची निरपेक्ष प्रत, म्हणजे ठरावीक अंतरावरून दिसेल ती चमक सांगणारा आकडा, ३२ आहे (आकडा मोठा तितकी चमक कमी). तो कोळशासारखा काळा असून ५ टक्केच प्रकाश परत फेकत असेल, तर त्याचा व्यास सुमारे २.४ मीटर निघतो. फिकट असून ४० टक्के फेकत असेल, तर ०.८४ मीटरच. वस्तुमानात हा फरक २० पटींहून अधिक आहे. त्यामुळे बातमीत 'एक मीटरचा लघुग्रह' असे वाचले की तो आकडा पेन्सिलीने लिहावा. पुढच्या टप्प्यांत तो दोन-तीनदा तरी खोडावा लागतो.

आणखी एक समज आधीच दुरुस्त केलेला बरा. खडक पेटतो तो हवेशी घासून नव्हे. इतक्या वेगात समोरच्या हवेला बाजूला सरकायला सवड मिळत नाही. ती दाबली जाते, हजारो अंशांपर्यंत तापते, आणि तिच्या उष्णतेने खडकाचा वरचा थर वितळून वाफ होत मागे उडतो. आपल्याला दिसतो तो मुख्यतः त्या तापलेल्या वाफेचा आणि हवेचा उजेड. हे सगळे काही सेकंदांत आटोपत असल्याने उष्णता आत शिरायला वेळच नसतो. जमिनीवर पोचलेल्या दगडाचे काळे कवच मिलिमीटरभराचेही नसते आणि आतला गाभा अवकाशातून आला तसाच थंड असतो.

सूचना मिळाली तर

नव्या, अजून पक्क्या न झालेल्या वस्तूंची यादी मायनर प्लॅनेट सेंटर हे लघुग्रहांच्या नोंदी ठेवणारे केंद्र सतत प्रसिद्ध करते. त्या यादीवर नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची 'स्काउट' आणि युरोपीय अवकाश संस्थेची 'मीरकॅट' या प्रणाली नजर ठेवून टकरीची शक्यता काढत असतात. हंगेरीतले निरीक्षक क्रिस्तियान शार्नेत्स्की यांनी २०२२ ईबी५ आदळण्याच्या सुमारे दोन तास, २०२३ सीएक्स१ सुमारे सात तास आणि २०२४ बीएक्स१ सुमारे तीन तास आधी पकडला. तुमच्या हाती वेळ असेल तो एवढाच. त्यात कामे कोणत्या क्रमाने करायची ते आधीच कागदावर लिहून ठेवा. ऐन वेळी सुचत नाही.

दुर्बीण असेल तर तिने चमकेचा चढउतार नोंदवा. लहान खडक झपाट्याने फिरतात आणि लांबट असले की लुकलुकतात. २००८ टीसी३ हा दीड मिनिटाच्या आसपासच्या आवर्तनांनी डळमळत फिरत होता, तर २०२४ बीएक्स१ची एक गिरकी अवघ्या २.६ सेकंदांची होती. ही माहिती आघातानंतर कुठूनही मिळत नाही, म्हणून तिला पहिला मान द्यावा.

कॅमेरा घेऊन निघणार असाल तर मार्गाच्या थेट खाली जाण्याचा मोह टाळा. तिथून दृश्य भव्य दिसते, पण अग्निगोल डोक्यावरून चौकटीबाहेर निघून जातो. मार्गाच्या जमिनीवरील रेषेपासून ६० ते १५० किमी बाजूला उभे राहा. १२० किमी अंतरावरून ३० किमी उंचीवरचा स्फोट क्षितिजापासून सुमारे १४ अंशांवर दिसतो, म्हणजे त्या बाजूचे क्षितिज मोकळे हवे. दुसऱ्या साथीदाराला मार्गाच्या पलीकडच्या अंगाला पाठवा. दोघांच्या दृष्टीच्या प्रतलांत ३० अंशांहून अधिक कोन पडला तर उत्तम. १० अंशांच्या आत आला, तर दोन कॅमेरे असूनही अंतर नीट कळत नाही.

बहुतेक वेळा मात्र सूचना मिळत नाही. चेल्याबिन्स्कचा खडक सूर्याच्या दिशेने आला, त्यामुळे जमिनीवरच्या कोणत्याही दुर्बिणीला तो आधी दिसणे शक्यच नव्हते. यावर उपाय एकच, रोज रात्री आपसूक चालणारा कॅमेरा.

कॅमेरा आणि घड्याळ

फ्रान्समध्ये सुरू झालेले 'फ्रिपॉन', ऑस्ट्रेलियातले 'डेझर्ट फायरबॉल नेटवर्क' आणि रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर चालणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यांचे 'ग्लोबल मीटिओर नेटवर्क' ही तीन जाळी पाहिली की कामाच्या पद्धती समजतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने यांपैकी एखाद्या जाळ्यात सामील व्हावे, असे माझे मत आहे. एकट्याचा कॅमेरा कितीही चांगला असला तरी एका जागेवरून अंतर कळत नाही.

अख्खे आकाश दाखवणाऱ्या भिंगात १८० अंश १,००० बिंदूंवर पसरले, तर एका बिंदूत ०.१८ अंश मावतात. १०० किमी अंतरावर ते ३०० मीटरहून अधिक होतात. म्हणून रुंद भिंगाने काहीही निसटत नाही, आणि अरुंद भिंगाने मोजमाप बारीक होते. दोन्ही ठेवता आले तर ठेवा.

घड्याळाबद्दल बराच गोंधळ असतो, म्हणून इथे थोडे थांबतो. घड्याळ एक सेकंद चुकले तर मार्गाच्या भूमितीवर फारसा परिणाम होत नाही, कारण तेवढ्यात तारे अंशाच्या अगदी लहान भागाएवढेच सरकतात. एक मिनिट चुकले तर मात्र पाव अंशाचा फरक पडतो, आणि १०० किमीवर तो ४०० मीटरच्या पुढे जातो. खरा घात करतात ते गळलेले फ्रेम. सेकंदाला २५ फ्रेम आणि १५ किमी वेग धरला, तर दोन फ्रेमांमध्ये खडक ६०० मीटर पुढे गेलेला असतो. मधला एक फ्रेम संगणकाने गुपचूप टाकून दिला आणि तुम्ही फ्रेम मोजून वेग काढला, की वेग फुगतो. सुरुवातीच्या काळात माझा एक पूर्ण आठवडा असल्याच एका गळलेल्या फ्रेमच्या मागे गेला. कक्षा गुरूच्याही पलीकडे पोचत होती. तेव्हापासून मी प्रत्येक फ्रेमवर स्वतंत्र वेळ उमटवतो आणि घड्याळ जीपीएसला जोडलेले ठेवतो.

तेजस्वी अग्निगोलाने कॅमेऱ्याचा पडदा पांढराफटक होतो आणि चमक मोजता येत नाही. त्यासाठी शेजारी प्रकाश टिपणारा एक साधा डायोड (फोटोडायोड) लावून सेकंदाला हजार नोंदी घेणारे प्रकाशमापक ठेवावे. स्फोटांचे टोकदार शेंडे त्यातच दिसतात. जमले तर एका भिंगापुढे वर्णपट पाडणारी जाळी लावा. सोडियमची ५८९ नॅनोमीटरवरची रेषा, मॅग्नेशियमची ५१८च्या आसपासची आणि लोहाच्या अनेक रेषा ओळखता आल्या, तर दगड सापडण्याआधीच त्याच्या जातीचा सुगावा लागतो. बर्लिनजवळ पडलेल्या २०२४ बीएक्स१च्या वर्णपटात लोह कमी होते, आणि मिळालेले दगड लोह जवळपास नसलेल्या 'ऑब्राइट' या दुर्मीळ जातीचे निघाले.

पहिले काही तास: साक्षी गोळा करणे

अग्निगोल विझल्यावर धावपळ सुरू होते. दुकानांचे, घरांचे, गाड्यांचे कॅमेरे ठरावीक काळाने जुने चित्रण पुसून टाकतात, त्यामुळे ते आधी गाठा. मूळ फाइल मागा. संदेशांतून आलेली प्रत दाबलेली असते आणि तिची वेळही हरवते. कॅमेऱ्याच्या घड्याळाचा त्या क्षणीचा फोटो तुमच्या फोनच्या वेळेसह काढा. खडक चौकटीत नसला तरी निराश होऊ नका. चेल्याबिन्स्कमध्ये खांबांच्या आणि इमारतींच्या सरकत्या सावल्यांवरूनही दिशा काढता आल्या.

अशा कॅमेऱ्यात तारे दिसत नाहीत. मग स्वच्छ रात्री त्याच जागी जाऊन, त्याच कोनातून ताऱ्यांचे फोटो घ्यायचे. इमारतीचा कोपरा, विजेचा खांब अशा दोन्ही चित्रांत असलेल्या खुणा ताऱ्यांशी जोडल्या की जुन्या चित्रणालाही दिगंश (दिशेचा कोन) आणि उन्नतांश (क्षितिजापासून उंचीचा कोन) मिळतात. काम कंटाळवाणे आहे, पण याला पर्याय नाही.

प्रत्यक्षदर्शीला त्याच्या उभे राहण्याच्या जागी नेऊन हाताने दाखवायला सांगा आणि तो हात होकायंत्राने आणि कोनमापकाने मोजा. 'कुठे पडले?' असे विचारूच नका. शंभर किमीवरचा अग्निगोलही जो तो समोरच्या झाडामागे उतरवतो, आणि ते अगदी प्रामाणिकपणे. त्याऐवजी आवाज किती वेळाने आला ते विचारा. ३० किमी उंचीवरच्या स्फोटाचा आवाज थेट खाली यायला साधारण दीड ते पावणेदोन मिनिटे लागतात. जमिनीवर ८० किमी बाजूला असलेल्याला तो पाचेक मिनिटांनी ऐकू येतो. उजेडानंतर लगेच गडगडाट ऐकल्याचे कोणी सांगितले, तर ती नोंद वेगळी ठेवा. आणि लखलखाट दिसला की खिडकीपासून दूर व्हायला लोकांना सांगत चला. चेल्याबिन्स्कमध्ये जखमी झालेल्या सुमारे दीड हजार लोकांपैकी बहुतेकांना फुटलेल्या काचांनी इजा झाली. उजेड पाहायला ते खिडकीशी आले होते आणि धक्कालहर त्यानंतर पोचली.

मार्ग, वेग आणि कक्षा

प्रत्येक कॅमेऱ्याची जागा आणि त्याने पाहिलेली रेषा मिळून एक प्रतल होते. दोन प्रतले जिथे छेदतात ती खडकाची वाट. दोनपेक्षा अधिक कॅमेरे असले तर सगळ्यांना एकत्र न्याय देणारी रेषा लघुतम वर्ग पद्धतीने काढतात. प्रत्येक कॅमेऱ्याची नोंद त्या रेषेपासून किती मीटर हटते याचा आलेख काढाच. एकच कॅमेरा सतत एका बाजूला जात असेल, तर त्याचे अंशांकन, म्हणजे ताऱ्यांशी जुळवणी, पुन्हा करावे लागणार.

वेग मार्गाच्या सुरुवातीला, हवा विरळ असताना मोजायचा. कक्षेसाठी त्यातून पृथ्वीच्या फिरण्याचा आणि ओढीचा वाटा वजा करावा लागतो. आत येतानाचा वेग १३ किमी असेल तर १३च्या वर्गातून ११.२चा वर्ग वजा करून वर्गमूळ घ्या: उरतात सुमारे ६.६ किमी. पृथ्वीपासून दूर असताना खडकाचा आपल्याशी सापेक्ष वेग हा होता. इथे एक पेच आहे. मूळ मोजणीत सेकंदाला ०.१ किमीची चूक झाली, तर या उत्तरात ती दुप्पट होऊन बसते. संथ खडकांच्या कक्षा यामुळेच निसरड्या असतात, आणि दुर्बिणीने आधीच दिसलेले मोजके लघुग्रह त्यामुळेच इतके मोलाचे ठरतात: त्यांची कक्षा स्वतंत्रपणे ठाऊक असते, म्हणून कॅमेऱ्याचे गणित त्यांवर ताडून पाहता येते.

कुठे फुटला आणि का

मला स्वतःला सर्वांत जास्त रस या टप्प्यात आहे. खडकाच्या तोंडावरचा दाब ढोबळमानाने हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग इतका असतो. ३७ किमी उंचीवर हवेची घनता घनमीटरला सुमारे ६ ग्रॅम असते. २००८ टीसी३चा वेग सेकंदाला १२.४ किमी धरला, तर दाब येतो साधारण १ मेगापास्कल, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या दहापटीच्या आत. साधा दगड प्रयोगशाळेत चिरडायला याच्या कितीतरी पट दाब लागतो. तो खडक मुळातच भेगाळलेला आणि सच्छिद्र होता, हे या एका भागाकार-गुणाकारातून दिसते.

याउलट, १३ फेब्रुवारी २०२३ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडीवर आलेला, मीटरभराहूनही लहान २०२३ सीएक्स१ सुमारे २८ किमीपर्यंत बऱ्यापैकी एकसंध राहिला. तिथे दाब ४ मेगापास्कलच्या आसपास होता. मग तो एका झटक्यात फुटला आणि जवळजवळ सगळी ऊर्जा तिथेच मोकळी झाली. हळूहळू झिजत, तुकड्यातुकड्याने ऊर्जा सोडणारा खडक आणि खोलवर येऊन एकदम फुटणारा खडक, दोघांची एकूण ऊर्जा सारखी असली तरी जमिनीवर पोचणारी धक्कालहर सारखी नसते. म्हणून चमकेच्या आलेखातला प्रत्येक शेंडा उंचीशी जोडा, त्या उंचीवरचा दाब काढा आणि तक्त्यात मांडा.

ऊर्जा तपासायला आणखी दोन साधने आहेत. अमेरिकी सरकारच्या उपग्रहांनी नोंदवलेले अग्निगोल नासाच्या पृथ्वीसमीप वस्तू अभ्यास केंद्राच्या यादीत मिळतात. मात्र त्यातले वेग आणि दिशा काही वेळा जमिनीवरच्या मोजणीशी जुळत नाहीत, तेव्हा एकट्या त्यांवरून कक्षा मांडू नये. दुसरे साधन अवश्राव्य ध्वनी, म्हणजे कानाला न ऐकू येणारी खालच्या स्वराची लहर. अणुचाचणी बंदी कराराच्या जाळ्यातली केंद्रे ती हजारो किमीवरूनही पकडतात. नॉर्वेच्या समुद्रावर संपलेल्या २०२२ ईबी५ची लहर आइसलँड आणि ग्रीनलँडमधल्या केंद्रांवर नोंदली गेली. या उपकरणांची पारख करायला २४ सप्टेंबर २०२३ला सोन्यासारखी संधी आली: नासाच्या ओसिरिस-रेक्स यानाची कुपी बेन्नू लघुग्रहाचे नमुने घेऊन सेकंदाला १२ किमीहून अधिक वेगाने वातावरणात शिरली. आकार, वजन, वेग, मार्ग सगळे आधीच ठाऊक असलेला हा जणू कृत्रिम लघुग्रह होता, आणि त्याच्या वाटेखाली संशोधकांनी ध्वनिमापकांची रांगच मांडली होती.

उजेड विझल्यानंतरची वाट

वेग सेकंदाला सुमारे ३ किमीपर्यंत उतरला की प्रकाश मावळतो. उरलेले तुकडे बहुधा अजून २० किमीच्या आसपास असतात आणि तिथून ते काही मिनिटे अंधारात पडत राहतात. या प्रवासात मालक वारा असतो. एखादा लहान तुकडा सेकंदाला ३० मीटरच्या वाऱ्यात दोन मिनिटे राहिला, तर साडेतीन किमीपर्यंत वाहून जाऊ शकतो. जवळच्या हवामान केंद्राने फुग्याने घेतलेली वेगवेगळ्या उंचींवरची वाऱ्याची नोंद मिळवा, वेळेत अंतर असेल तर हवामान प्रारूपाने मधली जागा भरा, आणि १ ग्रॅम, १० ग्रॅम, १०० ग्रॅम, १ किलो अशा वजनांसाठी वेगवेगळी पडण्याची ठिकाणे काढा. जड तुकडे मार्गाच्या दिशेने पुढे जातात, हलके मागे राहतात आणि वाऱ्याकडे झुकतात. नकाशावर ही एक लांबट पट्टी दिसते. हवामान रडारच्या त्या वेळेच्या नोंदीही पाहा. पडत्या तुकड्यांचा झोत त्यात कधीकधी चक्क दिसतो.

शोध आणि उचल

जमीन मालकाची परवानगी आणि त्या देशाचा कायदा आधी. मग दोन-तीन मीटर अंतर ठेवून रांगेत चाला आणि चाललेली प्रत्येक वाट जीपीएसवर नोंदवा. 'इथे काही नाही' हीसुद्धा माहिती आहे. काळे, मंद कवच असलेला, कडा गोलसर झालेला दगड शोधायचा असतो. पण ऑब्राइटसारख्या जातीचे कवच फिकट, काचेसारखे असते, आणि २०२४ बीएक्स१चे तुकडे ओळखताना सराईतांचीही परीक्षा झाली.

सापडला की हात लावण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो, मग ठिकाणाची नोंद. स्वच्छ ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात धरून उचला. धुऊ नका. लोहचुंबक लावू नका. दगडात अवकाशातल्या चुंबकक्षेत्राची अब्जावधी वर्षांची खूण असू शकते आणि एका स्पर्शात ती पुसली जाते. पावसाआधी उचलणे फार महत्त्वाचे, कारण पाणी क्षार विरघळवते आणि लोहाला गंज चढवते.

घाईचे आणखी एक कारण आहे. अवकाशात विश्वकिरणांच्या माऱ्याने दगडात अल्पजीवी किरणोत्सारी अणू बनत असतात. सोडियम-२४चे अर्धायुष्य १५ तास, मँगनीज-५२चे साडेपाच दिवसांच्या आसपास, व्हॅनेडियम-४८चे १६ दिवस, तर सोडियम-२२चे २.६ वर्षे. पृथ्वीवर पडल्यापासून हे साठे आटत जातात. दगड लवकर जमिनीखालच्या प्रयोगशाळेत पोचला, तर या अणूंच्या प्रमाणावरून तो मूळ खडकात किती खोल होता आणि खडक केवढा होता, याचा अंदाज बांधता येतो. सुरुवातीला पेन्सिलीने लिहिलेला व्यास आता शेवटचा तपासून घ्या: दुर्बिणीची चमक, अग्निगोलाची ऊर्जा आणि दगडातले अणू, तिघांनी काय सांगितले ते शेजारी मांडा.

अधिकृत नावासाठी मीटिओरिटिकल सोसायटी या अशनी-अभ्यासकांच्या संस्थेकडे वर्गीकरणासह नमुना नोंदवावा लागतो. २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यांपैकी जे कमी ते कायमस्वरूपी संग्रहात ठेवायचे असते.

आणि मूळ फ्रेम, ताऱ्यांचे अंशांकन, गळलेल्या फ्रेमांच्या नोंदी, सगळे जपून ठेवा. ७ एप्रिल १९५९ रोजी चेकोस्लोव्हाकियात प्रशिब्राम इथे पडलेल्या अशनीची कक्षा छायाचित्रांवरून काढली गेली. तशी कक्षा मिळालेला तो जगातला पहिला. ४३ वर्षांनी, ६ एप्रिल २००२ रोजी, जर्मनीत नॉयश्वानस्टाइनजवळ दुसरा अग्निगोल आला. त्याची कक्षा काढून झाल्यावर ती प्रशिब्रामच्या कक्षेशी जवळजवळ तंतोतंत जुळली, आणि दगड मात्र पूर्णपणे वेगळ्या जातीचे निघाले. दोघे एकाच कुळातले की निव्वळ योगायोग, हा वाद आजही मांडता येतो तो १९५९च्या त्या मोजमापांमुळे.